होडी आडवी चालवणारी चांगुणामावशी

चांगुणामावशीने मला कधीच माझ्या नावाने हाक मारली नाही. ती मला 'ग्रॅज्युएट' म्हणायची. दोष माझाच. मनोरीच्या धक्क्यावर पहिल्या भेटीत, पाच मिनिटांच्या आत, मी बी.एस्सी. आहे आणि तेही फिजिक्स घेऊन, हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत माझं पदवीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून अशा जागी लावलंय, की दार उघडल्यावर आधी ते दिसतं, मग माणसं. बाबा एका सोसायटीत वॉचमन होते. लिफ्टचं दार उघडून धरताना ते आत शिरणाऱ्याला माझं शिक्षण सांगायचे. सवय तिथूनच लागली आणि अजून गेलेली नाही. बघा, इथेही पहिल्याच परिच्छेदात येऊन बसली.

मी मनोरीला गेलो तो कंपनीच्या कामाने. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी ई-रिक्षांच्या मोटरी जोडून देते. एकदा आमच्या साहेबांच्या मनात आलं की छोट्या होड्यांसाठीही बॅटरीवरची मोटर विकावी. त्यांनी बाहेरून एक नमुना मागवला. ट्रोलिंग मोटर म्हणतात तिला. लांब दांडा, खाली छोटा पंखा, वर हातात धरायची मूठ. होडीच्या काठाला स्क्रूने आवळून अडकवायची. मूठ पिळली की वेग कमी-जास्त होतो आणि दांडा फिरवला की पंख्याचं तोंड हवं तिकडे वळतं. आवाज जवळजवळ नाही. ही मोटर खऱ्या पाण्यात कोण चालवून बघणार, असा विषय निघाला तेव्हा साहेबांनी विचारलं, फिजिक्स कोणाचं झालंय? मी हात वर केला. पोहता कोणाला येतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

मनोरीत इंजिनवाल्या बोटींच्या लोकांनी माझी मोटर हातात घेऊन बघितली, एकमेकांकडे दिली आणि परत माझ्या हातात ठेवली. एकाने विचारलं, हिच्यात चटणी होते का? मग तोच म्हणाला, वल्ह्याची होडी पाहिजे असेल तर त्या म्हातारीकडे जा. तिचा हात गेलाय, ती कदाचित ऐकून घेईल.

म्हातारी धक्क्याच्या पायरीवर बसून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधत होती. साठीच्या पुढची, आडव्या हाडाची. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट ओढलेलं, त्यावर मुलाचा जुना फुलशर्ट. कानात सोन्याच्या जड कुड्या. होडीत जातानाही ती त्या काढत नसे. का, असं मी नंतर एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, बुडले तर ओळखायला बऱ्या. जिवंत चिंबोरीच्या नांग्या बांधायला दोन हात लागतात, आणि सावध असलेले दोन. चांगुणामावशीचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला होता. ती डाव्या पायाच्या टाचेने चिंबोरीची पाठ दाबून धरायची आणि डाव्या हाताने सुतळीचे वेढे द्यायची. शेवटची गाठ दातांनी. चिंबोरी तिच्या तोंडापासून चार बोटांवर आणि ती मला विचारतेय, तुझं काय काम हाय?

तिची बोली मला नीट लिहिता येत नाही. तिचं 'मना' म्हणजे आपलं 'मला', एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. मी मोटरबद्दल बोलायला लागलो. थ्रस्ट, टॉर्क, बारा व्होल्ट. ती ऐकत होती असं मला वाटलं. माझं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"हा मिक्सर होडी आडवी नेतो काय?"

आडवी म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण नेतो, असं मी म्हणालो.

आडवी म्हणजे काय ते आता सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. मावशी खाडीत चिंबोऱ्या पकडायची. त्यासाठी फग लावतात. लोखंडी कडीला जाळी बांधलेली, मधे माशाचं डोकं, कडीला दोरी आणि दोरीच्या वरच्या टोकाला तरंगणारी प्लास्टिकची बाटली. असे वीस-बावीस फग तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, कडेने एका ओळीत टाकायचे आणि थोड्या वेळाने एकेक उचलत जायचं. उचलताना होडी नाकासमोर आणली तर ती बाटलीवर चढते, दोरी तळाखाली अडकते, जाळी तिरकी होते आणि चिंबोरी उतरून चालायला लागते. म्हणून होडी काठाला समांतर ठेवून कुशीवरच सरकवत बाटलीपाशी आणायची, फग उचलायचा आणि तशीच कुशीवर बाहेर घ्यायची. वारा खाडीकडून काठाकडे असला की तो होडीला तिवरांत ढकलत राहतो, त्यालाही थोपवायचं. मावशी एका हाताने वल्हं मारून हे करायची आणि दुसऱ्याने दोरी ओढायची. चाळीस वर्षं केलं. मग उजवा खांदा झिजला. डॉक्टरांनी वल्हं बंद सांगितलं. तिने डॉक्टर बंद केले.

मी भेटण्याआधीच्या पावसाळ्यात वल्हं मारता मारता तिचा हात मधेच गळाला. वाऱ्याने होडी तिवरांत घुसवली, ओहोटी लागली आणि मावशी चिखलात चार तास बसून राहिली. तिचा मुलगा विलास वाकोल्याला राहतो, एसी दुरुस्तीचं काम करतो. तो धावत आला. आईला चिखलातून काढलं, आंघोळ करायला लावली, जेवायला वाढलं आणि मग सांगितलं की शिमगा झाला की तू माझ्याकडे राहायला येणार आणि होडी चुलतभावाला जाणार. एकटीने सगळे फग उचलून दाखवलेस, माझ्या डोळ्यांदेखत, तरच राहा.

मावशीला वाकोल्याचं नाव नको होतं. सून चांगली आहे, नातवंडं चांगली आहेत, असं ती स्वतःच सांगायची. "पण खिडकीतून बघितलं तर दुसऱ्याची खिडकी," म्हणायची. "मना रोज काय तिची भांडी बघायची?"

तर असा तिचा आणि माझा करार झाला. मला चाचणी करायला होडी हवी होती आणि तिला शिमग्याच्या आत तिसरा हात.

पुढच्या रविवारी किती वाजता येऊ, असं मी विचारलं. पाणी आलं की ये, म्हणाली. मी म्हणालो, मावशी, वाजता किती? ती वैतागून म्हणाली, नऊला. मी नऊला हजर. होडी पाण्यावर होती, सगळं ठीक. त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा नऊच्या ठोक्याला हजर. होडी चिखलात एका कुशीवर झोपलेली आणि मावशी घरी जेवण करतेय. मी म्हणालो, तुम्हीच नऊ म्हणालात. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे असं बघितलं, की मला शाळेत बाकावर उभं केल्याची आठवण झाली.

"पाणी रोज नऊला येतं काय? ते काय तुझ्या कंपनीत कामाला हाय?"

भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचं कारण चंद्र, हे मी दुसऱ्या वर्षाला आकृती काढून लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते. त्या रविवारी मी दुपारी तीनपर्यंत तिच्या ओटीवर बसून राहिलो. तिने न विचारता जेवायला वाढलं आणि न विचारता भांडी घासायला दिली.

पाणी आलं. मी माहितीपुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे मोटर होडीच्या मागच्या टोकाला बसवली. नारिंगी लाइफ जॅकेट घातलं, सगळे पट्टे आवळले. धक्क्यावरच्या बायका मासे निवडायच्या थांबल्या. सरळ तर होडी झकास गेली. मावशीचा चेहरा पहिल्यांदा जरा सैलावला. मग ती म्हणाली, आता आडवी घे. मी दांडा नव्वद अंशात फिरवला आणि मूठ पिळली. होडीचं मागचं टोक काठाकडे धावलं, पुढचं खाडीकडे. मी उलटं केलं. मागचं टोक खाडीकडे, पुढचं तिवरांत. मी वेग वाढवला, कारण प्रॉब्लेम आला की वेग वाढवायचा, ही मी ऑफिसात शिकलेली गोष्ट आहे. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. दोन फेऱ्यांनंतर मी पुस्तिका काढली. तिसऱ्या फेरीत ती पाण्यात पडली. मावशी होडीच्या मधोमध मांडी घालून शांत बसली होती. मेरी-गो-राउंडमध्ये आजी बसते तशी. धक्क्यावरून कोणीतरी ओरडून विचारलं, चांगुणे, दळण किती झालं?

मोटर बंद केल्यावर तिने मला समजावलं, ते मी जसंच्या तसं देतो.

"होडीची दोन टोकं म्हणजे दोन जावा. एकीला ढकललंस की दुसरी तोंड फिरवते. दोघींना बरोबर न्यायचं तर मधे धरायला लागतं."

मी म्हणालो, अगदी बरोबर, यालाच आम्ही मोमेंट म्हणतो. बल मध्यातून गेलं की मोमेंट शून्य. ती म्हणाली, मग आधी का नाय केलंस?

मी वाकून पाण्यात पडलेली पुस्तिका शोधायला लागलो.

पुढच्या खेपेला मी मेजर टेप घेऊन गेलो. होडी चौदा फूट भरली. सात फुटांवर पेन्सिलने रेघ मारली, मधे आडवी फळी टाकली, तिचं एक टोक काठाबाहेर काढलं आणि त्याला मोटर अडकवली. मी पुढच्या टोकाला बसलो, कारण तिथून फोटो चांगले येणार होते. आडवी घेतली. होडी सरकली, पण मागची जाऊ पुढे आणि पुढची मागे, रुसून. मी रेघ तपासली, टेप तपासली, दोन्ही बरोबर होत्या. मावशी म्हणाली, उतर. मी म्हणालो, इथे? हो, इथेच. पाणी कमरेपर्यंत होतं, खाली चिखल. मी उतरलो. माझी एक चप्पल तिथे आहे, अजूनही असेल.

तीही उतरली आणि रिकाम्या होडीला बाजूने डाव्या तळपायाने ढकलायला लागली. एका जागी ढकललं, पुढचं टोक आधी गेलं. वीतभर सरकून ढकललं, मागचं आधी गेलं. परत चार बोटं सरकली. असं पाच-सहा वेळा. शेवटी एका जागी तिने पाय लावला आणि होडी दोन्ही टोकांनी सारखी, पाट सरकवावा तशी बाजूला गेली. तिथे तिने तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने फासला.

"ही कंबर," म्हणाली. ती माझ्या रेघेपासून दीड वीत मागे होती.

मग तिने मला पुढच्या टोकाला चढून बसायला लावलं आणि पुन्हा पाय लावून बघितलं. कंबर पुढे सरकली होती. तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुझं वजन किती रं?" माझं शहाऐंशी होतं. मी ऐंशी सांगितलं. होडीने खरं काय ते सांगितलंच होतं.

मोटर तिथे बसली, चुन्याच्या बोटावर, सुताराकडून पक्की फळी ठोकून घेऊन. आणि मग पुढचे दोन-तीन महिने मी जे बघितलं ते बघायला मला घाटकोपरहून मार्वेपर्यंत येणं आणि तिथून फेरीबोटीने पलीकडे जाणं कधी जड वाटलं नाही. मावशी फळीपाशी बसायची. उजवा हात मांडीवर. डाव्या हातात दोरी. मोटरची मूठ डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरलेली. पाय जरा आत घेतला की होडी कुशीवर काठाकडे. पाय बाहेर, होडी बाहेर. वारा काठाकडे असला की ती मूठ थोडी पिळून तशीच ठेवायची आणि होडी तिवरांपासून हातभर अंतरावर, ना आत ना बाहेर, उभी. टोपलीत चिंबोऱ्या भरत गेल्या की पुढचं टोक जड होऊन कंबर हलायची. मावशीला ते बसल्या जागी कळायचं. ती टोपली टाचेने दोन बोटं मागे सारायची. झालं. मी ऑफिसात 'हँड्स-फ्री ऑपरेशन' म्हणून सांगितलं. साहेब खूश झाले. पायाने, हे मी सांगितलं नाही.

काम करताना ती बोलायची फक्त चिंबोऱ्यांशी. लहान असली तर 'जा, आईला पाठव' म्हणून परत टाकायची. पोटाखाली अंडी असलेली निघाली तर तिला दोन्ही बाजूंनी न्याहाळून रागावायची, या दिवसांत बाहेर कशाला फिरतेस, घरी बस, आणि पाण्यात हळूच सोडायची, टाकायची नाही. मी बोललो की मात्र 'गप बस, हलू नको' म्हणायची. माझं सगळं आयुष्य कोणीतरी मला 'बोल' म्हणावं यासाठी गेलंय. शाळेत बोल, इंटरव्ह्यूत बोल, इंग्रजीत बोल. गप बसायचे मार्क देणारी ती एकटी. फारसे मिळाले नाहीत.

दुपारी बाराच्या सुमाराला विलासचा फोन यायचा. फोन ती एका स्टीलच्या डब्यात, झाकण लावून, होडीत ठेवायची. डबा वाजला की मोटर बंद करून डबा उघडायची आणि म्हणायची, घरीच हाय, डाळ शिजत टाकलीय. शेजारी चिंबोऱ्या टोपलीत खरखर करत असायच्या. शिट्ट्या किती झाल्या, असं त्याने एकदा विचारलं. तीन, म्हणाली.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी विलास आला. मनगटावर घड्याळ, पॅन्ट इस्त्रीची, आईच्या खांद्याचे एक्स-रे मोबाइलमध्ये. भला माणूस. माझ्याशी त्याने हात मिळवला आणि म्हणाला, सर, मला काय, आई परत त्या चिखलात दिसायला नको. मला तीन रात्री झोप नव्हती. मी म्हणालो, काळजी करू नका, मी स्वतः होडीत बसतो तिच्याबरोबर. तेव्हा मावशी म्हणाली, "तू बसलास की कंबर हलते. वर उभा राहा."

म्हणून मी आणि विलास धक्क्यावर उभे राहिलो. ओहोटी नुकतीच लागली होती, पाणी काठाने धक्क्याकडे वाहत होतं, वारा बेताचा. मावशीने ओळ नेहमीप्रमाणे वरच्या अंगाला सुरू करून धक्क्यापाशी संपवली होती. ती वर गेली आणि पहिला फग उचलला. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी होडी कुशीवर आत, फग वर, होडी बाहेर. मी विलासला समजावत होतो. आता बघा, पाय आत घेतला, म्हणजे थ्रस्ट नव्वद अंशात. आता बाहेर, म्हणजे उलटा. बल बरोबर मध्यातून जातंय, म्हणून नाक वळत नाही. विलास एसीवाला असल्यामुळे त्याला माझं बोलणं कळत होतं, आणि ज्याला आपलं बोलणं कळतं अशा माणसासमोर मी थांबत नाही. दहावा, पंधरावा. मी त्याला एफिशियन्सी सांगितली. विसावा. मी त्याला पुढच्या मॉडेलमध्ये काय सुधारणा करणार ते सांगितलं. बावीसच्या बावीस फग उचलून होडी धक्क्याला लागली, कुशीवर, जिन्याला टेकल्यासारखी.

विलासचे डोळे भरले होते. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, मानलं तुम्हाला. मशीन म्हणजे मशीन. आता मला आईची चिंता नाही."

मी जमेल तितक्या नम्रपणे हसलो आणि मोटर काढून घ्यायला होडीत उतरलो. मूठ पिळून बघितली. पंखा फिरला नाही. बॅटरीवरचा दिवा बघितला. तो बंद होता.

आता हे सांगायला हवं. माझ्याकडे दोन बॅटऱ्या होत्या, दिसायला जुळ्या. घोळ होऊ नये म्हणून मी पद्धत बसवली होती. चार्ज केलेलीवर हिरवी चिठ्ठी, रिकामीवर लाल. खाडीच्या दमट हवेत दोन्ही चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या आणि मी त्या आठवणीने परत चिकटवल्या होत्या. माझ्या आठवणीचा मला अभिमान आहे, घोकंपट्टीवरच पास झालेला माणूस मी.

मी मावशीकडे बघितलं. ती टोपलीवर ओला गोणपाट टाकत होती. मी हळूच विचारलं, कधीपासून? चौथ्या फगापासून, ती म्हणाली.

एकोणीस फग तिने मोटरशिवाय उचलले होते. ओहोटीचं पाणी होडीला काठाने आपणच पुढे नेत होतं. ती कंबरेवर बसून, आकडीच्या काठीने बाटलीची दोरी धरून, डाव्या हाताने होडीलाच दोरीकडे ओढत होती, आणि कंबरेतून ओढल्यामुळे होडी आडवीच येत होती. परत बाहेर जायला काठी तिवरांच्या मुळांना लावून रेटा. आणि हे सगळं करताना डावा पाय मुठीवर होता. आत, बाहेर, आत, बाहेर, अगदी वेळेवर. धक्क्यावरून दोघे जण तोच पाय बघत होते आणि त्यातला एक दुसऱ्याला त्याचं फिजिक्स समजावत होता.

मी म्हणालो, मावशी, विलासला खरं सांगायला पाहिजे. बॅटरी मेलेली असताना तुम्ही एवढं केलंत, हे ऐकून तो खूश होईल.

तिने वर बघितलं. विलास धक्क्यावर बायकोला फोन करून मशीनबद्दल सांगत होता.

"गप बस," ती म्हणाली. "त्याचा मिक्सरवर इस्वास बसलाय. माझ्यावर नाय बसायचा."

मग दोरी गुंडाळताना तिने एवढंच जोडलं की वारा रोज असा नसतो, मिक्सर मना लागतो, पुढच्या वेळी भरलेला आण. आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

मी गप्प बसलो. ती वाकोल्याला गेली नाही. शिमग्याला कोळीवाड्यात ती नाचली, उजवा हात कमरेवर बांधल्यासारखा ठेवून, असं मला नंतर कळलं. मला बोलावलं होतं, पण मी भरतीओहोटीचं गणित करून निघालो आणि शेवटची फेरीबोट चुकवली.

ऑफिसात मी नऊ पानांचा रिपोर्ट लिहिला. बाणांच्या आकृत्या काढल्या, बल, मध्य, मोमेंट. मोटर मध्याच्या दीड वीत मागे का, हे सेंटिमीटरमध्ये दिलं. चुन्याच्या बोटाचा त्यात उल्लेख नाही. मावशीचा उल्लेख एकदा आहे, 'स्थानिक चालक' असा. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. रिपोर्टमध्ये मावशी कशी लिहिणार? साहेबांनी रिपोर्ट आवडला म्हणून सांगितलं आणि होडीचा विचार सोडून दिला. ते आता बागेतल्या पंपांकडे वळले आहेत. नमुन्याची मोटर त्यांनी परत मागितली नाही आणि मी आठवण केली नाही. ती मोटर आणि भरलेल्या दोन्ही बॅटऱ्या मी मावशीला नेऊन दिल्या, विलासने तिच्या ओटीवर चार्जर नीट बसवून दिला, आणि माझं मनोरीला जाणं कमी होत गेलं. काम नव्हतं. तिने फोन केला नाही. तिच्या डब्यातल्या फोनमध्ये माझा नंबर 'ग्रॅज्युएट' म्हणून होता, विलासनेच घालून दिला होता. पण फोन डब्यातून बाहेर काढायचा तो वाजला तर, अशी तिची रीत होती, आणि मी वाजवला नाही.

यंदाच्या थंडीत बायकोला घेऊन मनोरीला एका दिवसासाठी गेलो. फेरीबोटीत वारा चांगलाच होता, काठाकडे रेटणारा, बायकोने पदर कानाला घट्ट धरला होता. मधल्या पाण्यात आल्यावर मला पलीकडे तिवरांच्या कडेला ती होडी दिसली. काठापासून हातभर, समांतर, एका जागी थांबलेली. एवढ्या वाऱ्यात होडी तशी थांबते म्हणजे पंखा खाली चालू होता. शर्ट निळा होता, हा मी आधी बघितलेला नव्हता. पाठ तीच, आडवी.

मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवून ओरडलो, मावशी, मी. पुन्हा ओरडलो, मावशी, ग्रॅज्युएट. बोटीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको माझ्या शर्टाला धरून खाली ओढत होती. बोटीचा तांडेल म्हणाला, तिला ऐकू नाही जाणार साहेब, वारा उलटा आहे. वारा उलटा नव्हता. आमच्याकडून तिच्याकडेच होता, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत नाही.

तिने मान वळवली नाही. डाव्या हाताने ती दोरी वर घेत होती, हातभर ओढायची, गुडघ्याखाली दाबायची, पुन्हा हातभर. कडी पाण्याबाहेर आली, तिच्यातून पाणी गळलं. जाळीत काही होतं की नव्हतं, तेवढ्या लांबून मला दिसलं नाही. ती वाकली, आत बघून काहीतरी बोलली. मग होडी बाजूला सरकली, दोन्ही टोकांनी सारखी, पुढच्या बाटलीकडे.